रेगेचं 'मूळ' प्रेसिंग म्हणजे नक्की कोणतं? (जुन्या रेकॉर्डी आणि नवे रीमास्टर)

खालचा षड्ज | शनिवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी.

गेला दीड महिना रोज रात्री जेवणं आटोपली की माझा एकच उद्योग चालू आहे. तीन रेगे (जमैकाचं संगीत) अल्बम, प्रत्येकाच्या मिळतील तितक्या आवृत्त्या आणि प्रेसिंग (म्हणजे त्या त्या वेळी छापलेल्या रेकॉर्डी), एकच सुई, एकच अँप्लिफायर, तेच जुने स्पीकर. अल्बम असे: बॉब मार्लीच्या वेलर्सचा 'कॅच अ फायर' (१९७३), बर्निंग स्पिअरचा 'मार्कस गार्वी' (१९७५) आणि काँगोजचा 'हार्ट ऑफ द काँगोज' (१९७७). सुरुवातीला प्रश्न साधा होता. जुनी रेकॉर्ड चांगली की नवं रीमास्टर, म्हणजे जुन्या ध्वनीवर नव्याने हात फिरवून काढलेली आवृत्ती? आता वाटतंय की हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न असा, की दोन्हींवर एकच मिक्स (वाद्यं आणि आवाज एकत्र करून केलेली मांडणी) आहे का?

'कॅच अ फायर'पासून सांगतो. हा अल्बम १९७२ साली जमैकाच्या किंग्स्टनमध्ये ध्वनिमुद्रित झाला. मग टेप लंडनला गेल्या आणि आयलंड रेकॉर्ड्सचे क्रिस ब्लॅकवेल यांनी बेसिंग स्ट्रीटच्या स्टुडिओत त्यांवर आणखी वाद्यं चढवली. गिटार वेन पर्किन्सची, कीबोर्ड जॉन 'रॅबिट' बंड्रिकचे. 'काँक्रीट जंगल'मधला तो लांबलचक गिटारचा तुकडा आपल्या सगळ्यांच्या कानात बसलाय, तो वाजवणारा पर्किन्स अमेरिकेच्या अलाबामाकडचा माणूस. २००१ मध्ये दोन सीडींची आवृत्ती निघाली तेव्हा किंग्स्टनचं मिक्स पहिल्यांदा अधिकृतपणे बाहेर आलं. त्यात ती गिटार नाही. लंडनला गाळलेली दोन गाणीही आहेत.

मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गाणं अर्धवट वाटलं. चौथ्या-पाचव्या रात्री उलटं झालं. गिटारच्या जागी मोकळं अंगण होतं आणि त्यात फॅमिली मॅन बॅरेटचा बास एकटा चालत होता. ड्रमर कार्लटन बॅरेटचा ठोका तिसऱ्या मात्रेवर पडतो, पहिली मात्रा रिकामी राहते. आपल्याकडे समेची वाट बघायची सवय, इथे समेलाच शांतता. लंडनच्या मिक्समध्ये ती शांतता बऱ्याच ठिकाणी भरून टाकली आहे.

मग माझ्याकडची १९७३ च्या मिक्सची आयलंडची एलपी (लायटरसारखं उघडणारं कव्हर नव्हे, ते जेमतेम २०,००० निघालं, माझं नंतरचं मार्लीच्या फोटोचं) आणि २०२० मध्ये अ‍ॅबी रोडला हाफ-स्पीड पद्धतीने कापलेली नवी एलपी यांची तुलना केली. इथे मिक्स एकच, म्हणून ही तुलना खरी. नवीत झांजा स्वच्छ, 'स' आणि 'श' कुठेही फुटत नाहीत, मागची खरखर जवळजवळ नाही. जुनीत बास थोडा गुबगुबीत, कडा कमी, पण पोटात बसणारा. आवाजाची पातळी सारखी करून ऐकलं तेव्हा माझा कौल गाण्यागणिक बदलला. पातळी सारखी न करता ऐकलं तेव्हा दरवेळी जे मोठं वाजत होतं तेच जिंकलं. यावरून काय ते समजा.

'मार्कस गार्वी'ची गोष्ट जास्त त्रासदायक आहे. ती उद्या लिहितो, डोळे मिटताहेत.

तबकडी | शनिवार, रात्री ११:२५

वाचतोय. पण एक हरकत आत्ताच नोंदवतो. १९७३ मध्ये जगाने जो 'कॅच अ फायर' ऐकला तोच मूळ. त्यानंतर २८ वर्षांनी कपाटातून काढलेली टेप हा कच्चा मसुदा. कवितेचा खर्डा सापडला म्हणून छापलेली कविता खोटी ठरत नाही. शिवाय मार्ली स्वतः लंडनच्या कामाच्या वेळी तिथे होता.

टेम्सकाठी | रविवार, पहाटे ३:१०

मी लंडनला गेली बावीस वर्षं आहे, पोर्टोबेलो रोड आणि ब्रिक्स्टनच्या रेगे दुकानांत माझे अनेक शनिवार गेलेत. तबकडी, तुमचं म्हणणं 'कॅच अ फायर'पुरतं मान्य. 'मार्कस गार्वी'ला ते लागू होत नाही.

तो अल्बम जॅक रूबी या निर्मात्याने किंग्स्टनच्या रँडीज स्टुडिओत केला. रूबी ओचो रिओसचा, स्वतःची साउंड सिस्टिम चालवणारा. साउंड सिस्टिम म्हणजे रस्त्यावर, मैदानात माणसापेक्षा उंच स्पीकर लावून नाच. त्या माणसाला बास कुठे पोचला पाहिजे हे उघड्या आकाशाखाली कळलेलं होतं. जमैकात अल्बम फॉक्स लेबलवर निघाला. आयलंडने परदेशासाठी घेतला तेव्हा पुन्हा मिक्स केला आणि काही गाण्यांचा वेग बदलला, गोऱ्या श्रोत्याला पचेल असं काहीतरी करायचं म्हणून. विन्स्टन रॉडनी, म्हणजे बर्निंग स्पिअर, यावर नाराज झाला आणि स्वतःचं लेबल काढण्यामागे हे एक कारण होतं.

आता गंमत नव्हे, दुःख बघा. बाजारात 'ओरिजिनल १९७५ प्रेसिंग' म्हणून जे विकलं जातं ते बहुतेक वेळा आयलंडचं ब्रिटिश प्रेसिंग असतं, क्रमांक आयएलपीएस ९३७७. साल जुनं, कागद जुना, वास जुना, आणि आवाज कलाकाराला नको असलेला.

खालचा षड्ज | रविवार, सकाळी ९:०५

टेम्सकाठी, माझं अर्धं काम तुम्ही केलंत. आभार.

माझ्याकडे फॉक्सची प्रत नाही. मावसभावाच्या बर्मिंगहॅमच्या शेजाऱ्यांकडे होती, ते मूळचे जमैकाचे. त्यांनी स्वतः समोर बसून मला ती दोनदा ऐकवली आणि मोबाइलवर नव्हे, नीट रेकॉर्डरवर उतरवून घेऊ दिली. रेकॉर्ड नाचात वाजलेली आहे, हे पहिल्या सेकंदाला कळतं. भजी तळल्यासारखा आवाज. भोक किंचित मध्यभागी नाही, त्यामुळे लांबवलेला ट्रॉम्बोनचा स्वर हलकासा डोलतो. तरीही रॉबी शेक्सपिअर आणि फॅमिली मॅन यांचा बास त्या सगळ्या खरखरीखालून असा येतो की खुर्चीचा हात थरथरतो. हॉर्समाउथ वॉलेसचे ड्रम जड, रेंगाळणारे. रॉडनीचं गाणं मुळात जपासारखं आहे, एकच ओळ परत परत. ती ओळ जरा घाईत गेली की जप राहत नाही, घोषणा होते. माझ्या आयलंडच्या एलपीवर मला काही जागी घोषणा ऐकू येते.

आणि हा रॉडनी आणि मार्कस गार्वी (काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढलेला जमैकन नेता) एकाच गावचे, सेंट अ‍ॅन्स बे. गार्वीचा जन्म १८८७ चा. आपल्याच गावच्या माणसाला हाक मारण्याचा हा अल्बम आहे. तिथे वेगाशी खेळणं मला पटत नाही, ते कितीही चांगल्या हेतूने केलेलं असो.

म्हणून तबकडी, माझं म्हणणं असं: जुनी एलपी आणि नवं रीमास्टर दोन्ही आयलंडच्याच मिक्सची असतील, तर आपण दोन फोटोप्रतींपैकी कुठली ठळक आहे एवढंच बोलतोय.

पेटीमास्तर | रविवार, सकाळी ११:३०

रेगेतलं मला फार कळत नाही, मुलगा ऐकतो म्हणून कानावर पडतं. पण वेगाचं कळतं. रेकॉर्डचा वेग साधारण ६ टक्के वाढला की सूर अर्ध्या स्वराने वर जातो, काळी एकचं गाणं पांढरी दोनमध्ये. ३ टक्के वाढला तर दोन्हींच्या मधे कुठेतरी लटकतो आणि पेटीवर लागतच नाही. आमच्याकडे नाट्यगीतांच्या ७८ च्या तबकड्यांत हा घोळ कायमचा. नाव ७८, पण जुन्या काळी सगळ्या कंपन्या नेमक्या त्याच वेगाने कापत नव्हत्या. पुढे कुणी सरसकट एका वेगाने कॅसेट केली की गायकाची पट्टी बदलते आणि नवीन मुलं त्या चुकीच्या पट्टीला मूळ समजून रियाज करतात.

तेव्हा षड्जराव, आधी तुमची थाळी तपासा. स्ट्रोबची कागदी चकती मिळते. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेसाठी ३३⅓ ला १८० रेघांचं वर्तुळ असतं. साध्या बल्बखाली किंवा जुन्या ट्यूबखाली धरा, रेघा स्थिर दिसल्या पाहिजेत. एलईडीखाली बघू नका, फसाल. मग दोन्ही प्रती तानपुऱ्याशी जुळवा. ज्या गाण्याला तानपुऱ्याची पट्टी बदलावी लागेल तिथे वेग बदललाय, जिथे लागणार नाही तिथे फक्त मिक्स वेगळं आहे.

खालचा षड्ज | रविवार, दुपारी १२:१०

मास्तर, दंडवत. चकती आजच छापून घेतो. वेग आणि मिक्स असे वेगळे करून ऐकायला हवेत हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

कोथरूडकर | रविवार, दुपारी ४:५०

हाफ-स्पीडबद्दल थोडं लिहितो, कारण हे नाव आता कव्हरवर स्टिकर म्हणून येतं आणि लोक ते वाचूनच पैसे मोजतात.

तबकडी कापताना लेथ (खाच कापणारं यंत्र) अर्ध्या वेगाने, म्हणजे १६⅔ ने फिरवतात आणि मूळ ध्वनीही अर्ध्या वेगाने सोडतात. फायदा उघड आहे. १६ किलोहर्ट्झची झांज कापणाऱ्या सुईला ८ किलोहर्ट्झची वाटते, तिला दुप्पट वेळ मिळतो. म्हणून वरचे स्वर मोकळे, सकार स्वच्छ. तोटा फारसं कुणी सांगत नाही. खालचंही सगळं निम्मं होतं. बास गिटारच्या सर्वांत खालच्या तारेचा सूर ४१ हर्ट्झच्या आसपास, तो अर्ध्या वेगाला २० हर्ट्झवर जातो आणि तिथे यंत्रणेची परीक्षा असते. चांगला माणूस ते सांभाळतो. पण ज्या संगीताचा जीवच तळात आहे, त्याच्यासाठी ही पद्धत आपोआप उत्तम ठरत नाही. सिंफनीसाठी जे वरदान ते रेगेसाठी तितकं असेलच असं नाही.

दुसरी गोष्ट खाचेची. बास जितका मोठा तितकी खाच आडवी पसरते आणि जागा खाते. एका बाजूला १८ मिनिटं असतील तर इंजिनियर मोकळ्या हाताने बास कापू शकतो. 'कॅच अ फायर' तसा आहे, दोन्ही बाजू मिळून ३६ मिनिटांच्या आत. नव्या आवृत्तीत 'बोनस' म्हणून त्याच बाजूवर दोन गाणी कोंबली की पातळी खाली आणावी लागते किंवा बास चाळावा लागतो. म्हणून जास्त गाणी दिसली की मी दोन तबकड्या आहेत का ते आधी बघतो.

खरं तर रेगे सात इंची रेकॉर्डीसाठी जन्मलेलं संगीत. ४५ चा वेग, एका बाजूला तीन मिनिटं, मागच्या बाजूला त्याच गाण्याचं 'व्हर्जन', म्हणजे बहुतेक नुसत्या वाद्यांचं रूप. अल्बम बऱ्याचदा नंतर गोळा केलेला. एकाच गाण्यासाठी जीव टाकायचा असेल तर सात इंची शोधा, एलपी नव्हे.

तबकडी | रविवार, रात्री ८:१५

पटलं. माझ्या हरकतीत दुरुस्ती करतो. 'जगाने ऐकलं ते मूळ' असं मी म्हटलं, पण त्या जगात किंग्स्टनची गल्ली धरली नव्हती. तिथल्या लोकांनी फॉक्सचंच ऐकलं होतं.

मात्र जमैकाच्या जुन्या प्रेसिंगचा उदो उदो करणाऱ्यांना एक सांगणं. तिथे बरेचदा जुना विनाइल वितळवून पुन्हा वापरलेला असे, लेबलं वाकडी, कधी एका गाण्याचं लेबल दुसऱ्यावर. मी गेल्या वर्षी परदेशी विक्रेत्याकडून अशी एक प्रत मागवली, 'व्हेरी गुड' लिहिलेली. कस्टम भरून हातात आली तेव्हा दुसरी बाजू ऐकण्यासारखी नव्हती. ज्याला महिन्यातून एकच रेकॉर्ड परवडते त्याला आपण कशाच्या मागे लावतोय याचा विचार व्हावा.

मांडवीतीर | सोमवार, सकाळी ७:२०

देव बरे करू. पणजीहून.

तबकडी बरोबर बोलताहेत, म्हणून मी 'हार्ट ऑफ द काँगोज'कडे वळते, षड्जरावांनी नाव घेऊन सोडून दिलंय. माझ्या मते पुनर्प्रकाशनाने एखाद्या अल्बमला अक्षरशः वाचवलं असेल तर तो हा.

निर्माता ली पेरीने तो ब्लॅक आर्कमध्ये केला, घरामागच्या छोट्या स्टुडिओत, चार ट्रॅकच्या टेपवर. वाद्यं जास्त झाली की आधीचे ट्रॅक एकत्र करून एकावर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या जागी पुढचं भरायचं. दरवेळी टेपची सरसर एक थर वाढते. त्यावर फेजर (आवाज फिरता, लाटेसारखा करणारं यंत्र), स्प्रिंगचा घुमारा, टेपचा प्रतिध्वनी. सेड्रिक मायटनचा उंच आवाज, रॉय जॉन्सनचा मधला, वॉटी बर्नेटचा खर्ज, सगळे पाण्याखालून आल्यासारखे. आयलंडने तो घेतला नाही. जमैकात थोड्या प्रती निघाल्या, पुढे ब्रिटनमध्ये गो फीट लेबलने काढला, आणि १९९६ ला मँचेस्टरच्या ब्लड अँड फायरने इतक्या मायेने काढला की माझ्या पिढीला तो त्यांच्यामुळेच कळला. या अल्बमचीही दोन मिक्स आहेत. पहिलं फक्त सुरुवातीच्या जमैकन प्रतींवर होतं. २०१७ च्या चाळिसाव्या वर्षाच्या आवृत्तीत ते समाविष्ट झालं. म्हणजे ज्याच्यासाठी लोक दुर्मिळ रेकॉर्डीला वाट्टेल ते मोजत होते, ते नव्या आवृत्तीत रीतसर ऐकता आलं.

माझ्याकडे एक तिसरी सीडीही होती, कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, तिच्यात सरसर पूर्ण पुसून काढलेली. ऐकताना काहीतरी मेल्यासारखं वाटायचं आणि कारण कळायचं नाही. एका रात्री हेडफोनवर लक्षात आलं: 'फिशरमन'मध्ये घुमारा विरत विरत सरसरीत मिसळतो, आणि या सीडीत तो मध्येच तुटत होता. सरसर काढताना शेपूट कापली गेली. खरखर आणि सरसर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खरखर रेकॉर्डीची, ती साफ करा. सरसर टेपची, ती त्या खोलीची हवा आहे.

जाता जाता, पावसाळ्याबद्दल. आमच्याकडे जून ते सप्टेंबर कव्हरांना बुरशी धरते आणि ती खाचेत उतरते. आतली कागदी पिशवी बदला, रेकॉर्डी उभ्या ठेवा, भिंतीला टेकवू नका. धुवायला डिस्टिल्ड पाणी आणि त्यात थोडं आयसोप्रोपिल. पण आजोबांच्या ७८ च्या तबकड्यांना हे कधीही लावू नका, त्या लाखेच्या असतात आणि अल्कोहोलने विरघळतात.

टेम्सकाठी | सोमवार, दुपारी १:४०

मांडवीताई, "त्या खोलीची हवा" हे मी लिहून ठेवलं.

खालचा षड्ज | सोमवार, रात्री १०:५५

ताई, काँगोजबद्दल मला जे म्हणायचं होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं म्हटलंत. एकच भर. ब्लड अँड फायरच्या आवृत्तीत बॉरिस गार्डिनरचा बास आणि स्लाय डनबारचे ड्रम मला पहिल्यांदा वेगवेगळे दिसले, आणि तरी त्यांच्यामधलं धुकं तसंच होतं. रीमास्टर करणाऱ्याने काय करू नये हे त्याला कळलं होतं.

शब्दांचा घोळ टाळू या. रीमास्टर म्हणजे तयार मिक्सवर शेवटचा हात. रीमिक्स म्हणजे वेगवेगळे ट्रॅक उघडून पुन्हा मांडणी. मार्लीच्या 'कया' अल्बमला २०१८ मध्ये स्टीफन मार्लीने नवीन मिक्स दिलं, ते रीमिक्स. त्याला 'रीमास्टर चांगलं की वाईट' हा प्रश्न विचारताच येत नाही. प्रेमाने ऐका, पण वेगळं काम म्हणून.

अर्धविराम | मंगळवार, सायंकाळी ६:३०

नवीन सभासद आहे, चूक असेल तर सांगा. किंग्स्टनच्या स्टुडिओ वनच्या साठच्या दशकातल्या गाण्यांचा एक संग्रह घेतला, नवीन रीमास्टर. सगळं गाणं उजव्या स्पीकरमधून आणि सगळी वाद्यं डावीकडून येतात. वायरी बदलल्या, स्पीकर अदलाबदल केले, गायक फक्त बाजू बदलतो. परत पाठवू का?

कोथरूडकर | मंगळवार, सायंकाळी ७:०५

अजिबात पाठवू नका, बिघाड नाही. ब्रेंटफर्ड रोडवरच्या त्या स्टुडिओत कॉक्सन डॉडकडे त्या काळी दोन ट्रॅकचं यंत्र होतं. एकावर वाद्यवृंद, दुसऱ्यावर गायन. ही विभागणी स्टिरिओसाठी नव्हती, गाणं चुकलं तर वाद्यवृंद पुन्हा बसवावा लागू नये म्हणून. सात इंची रेकॉर्ड कापताना दोन्ही एकत्र करून मोनो करत, आणि किंग्स्टनने ती मोनोच ऐकली. पुढे एलपी काढताना तेच दोन ट्रॅक डावे-उजवे म्हणून सोडून दिले की तुम्हाला ऐकू येतंय तसं होतं.

अँप्लिफायरवर मोनोचं बटण असेल तर दाबा.

टेम्सकाठी | मंगळवार, रात्री ११:५०

आणि डॉडच्याच सत्तरच्या दशकातल्या पुनर्मुद्रणांत कधी कधी नवीन तालवाद्यं वर चढवलेली असतात. तेव्हा एखादं साठचं गाणं दोन संग्रहांत वेगळं वाटलं तर कानाला दोष देऊ नका.

अर्धविराम | बुधवार, रात्री ९:१५

बटण होतं, वडिलांच्या जुन्या अँप्लिफायरवर, मागच्या बाजूला, आजवर कधी हात लावला नव्हता. दाबलं. गायक दोन स्पीकरच्या मधोमध, भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर येऊन उभा राहिला. आई पोळ्या टाकून बाहेर आली आणि विचारलं, "हा कोण गातोय?" आता दुसरी बाजू लावतोय.